खडखडाटातली झोप

आमच्या घरात सगळे ओरडून बोलायचे. भांडण नसायचं, लाडसुद्धा ओरडूनच व्हायचे. "मीठ दे गं" हे आई अशा आवाजात म्हणायची की नवख्या माणसाला वाटावं, घराला आग लागलीय. कारण साधं होतं. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल आणि चादरींच्या एका कारखान्याच्या मागं आमची खोली होती आणि खोलीची एक भिंत कारखान्याचीच होती. भिंतीपलीकडं दिवसरात्र यंत्रमाग चालायचे. फळीवरचे स्टीलचे पेले एकमेकांना लागून सारखे किणकिणायचे, कॅलेंडर खिळ्यावर डुलायचं, ताटातल्या आमटीवर बारीक बारीक लाटा उठायच्या. माझी धाकटी बहीण रेणू लहानपणी शाळेत सांगून आली होती की आमच्या आमटीला भरती येते. बाईंनी तिला समुद्र कधी पाहिलास म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "रोज दोन वेळा."

हे लिहिताना मला थोडं अवघडल्यासारखं होतंय. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे कागद पुढ्यात घेतला की अजूनही परीक्षेचा पेपर वाटतो. आपल्या माणसांचं असं सगळ्यांसमोर मांडावं का, हेही मला नीट कळत नाही. पण आप्पांना विचारलं, तर ते म्हणाले, "लिही की. फक्त माझी रँक बरोबर लिही." तर ती आधी लिहिते. माझे वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. गाव मैंदर्गी. निवृत्तीनंतर ते या कारखान्यावर गार्ड म्हणून लागले, रात्रपाळीला. सकाळी आठला घरी यायचे, बूट काढून पुसून जागेवर ठेवायचे, दोन भाकरी, शेंगाची चटणी आणि दही खायचे, आणि खाट बरोबर त्या थरथरणाऱ्या भिंतीला लावून, डोकं तिकडंच करून झोपायचे. दुपारी तीनपर्यंत. त्या भिंतीला आम्ही दोघी बहिणी वैतागलेलो असायचो आणि हा माणूस तिला टेकून घोरायचा! आई बायकांना कौतुकानं सांगायची, "फौजी माणूस हाय. तोफंखाली बी झोपंल."

आठवड्यातून एक दिवस कारखान्याला सुट्टी असायची. माग बंद. त्या दिवशी घर असं गप्प व्हायचं की आम्ही आपापलाच आवाज ऐकून दचकायचो. पेले उभे, आमटी सपाट. आणि त्याच दिवशी आप्पा न्याहारी झाली की एसटी स्टँडवर जाऊन बसायचे, ते संध्याकाळपर्यंत. आई म्हणायची, जरा पडा की. ते म्हणायचे, "तितला चहा चांगला असतो." वर्षानुवर्षं आम्ही हे खरं मानलं. मी तर एकदा मुद्दाम जाऊन तो चहा पिऊन आले. अतिशय वाईट होता. तरीसुद्धा माझ्या मनात काही आलं नाही. पुढं मी मानसशास्त्र घेतलं, हे कुणाला सांगताना मला म्हणूनच हसू येतं.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प करायचा होता. आमच्या मॅडमनी विचारलं, "तुझ्या घरात असं काय आहे, जे दुसऱ्या कुणाच्या घरात नाही?" मी घाबरून म्हणाले, "फौजी आहेत." मॅडम खुर्चीत सरसावून बसल्या. म्हणाल्या, सैनिकांच्या मनाबद्दल वाचायला जे मिळतं, ते सगळं लांबच्या देशांतलं. आपल्या तालुक्यांतून एवढी माणसं फौजेत जातात, परत येतात, त्यांची झोप कशी आहे, त्यांना राग किती येतो, हे कुणी विचारलेलंच नाही. मी आठवडाभर लायब्ररी शोधली. मॅडम खोटं बोलत नव्हत्या. मैंदर्गी हा शब्द मला एकाही पुस्तकात सापडला नाही. मग मला एकदम फार महत्त्वाचं असल्यासारखं वाटायला लागलं. मॅडमनी आणि मी मिळून प्रश्नावली तयार केली. पंचवीस प्रश्न. 'रात्री अचानक जाग येते का?', 'एखाद्या आवाजानं छातीत धडधडतं का?', 'माणसांत बसू नये असं वाटतं का?' प्रत्येकापुढं तीन चौकोन: कधीच नाही, कधीकधी, नेहमी. झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन मी आणि आप्पा रविवारी मैंदर्गीच्या गाडीत बसलो. वाटेत आप्पांनी सगळे पंचवीस प्रश्न वाचले, कागदाची बरोबर मधोमध घडी घातली आणि म्हणाले, "अक्षर चांगलं आलंय." ते छापलेलं होतं.

मैंदर्गीत माजी सैनिकांचं सगळं सुभेदार बिराजदारांच्या हातात असायचं. पांढऱ्याशुभ्र मिशा, कडक इस्त्रीचा सदरा, आणि दोन वाक्यांमागं एक कानडी शब्द. "बा तंगी, बा," म्हणजे ये बाई ये, म्हणत त्यांनी मला खुर्ची दिली. त्यांच्या अंगणात आप्पा धरून एकोणीस जण जमले होते, विशीतल्या पोरांना लाजवतील असे ताठ. मी भाषण पाठ करून आले होते. की हे गोपनीय आहे, एकेकट्यानं भरायचं आहे, बरोबर आणि चूक असं काही नसतं. पण एवढे मोठे लोक समोर बघून मी पाठ केलेलं सगळं विसरले. मी तो गठ्ठा सुभेदारांच्या हातात दिला आणि म्हणाले, "काका, तुम्हीच सांगा ना." ती माझी चूक. सुभेदारीणबाई मला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, खायला आत घेऊन गेल्या. हुग्गीवर तूप असं होतं की मी दुसरी वाटी घेतली, आणि मी मागितली नसताना त्यांनी तिसरीही वाढली.

बाहेर येऊन बघते तर फॉर्म भरून तयार. एका रेषेत टोकाला टोक लावून रचलेले. सुभेदार म्हणाले, "घे तंगी. एक बी चुकला न्हाय."

खरंच एकही चुकला नव्हता. एकोणीस फॉर्म, प्रत्येकी पंचवीस प्रश्न, आणि सगळ्या खुणा 'कधीच नाही'वर. खुणासुद्धा एकाच मापाच्या. नंतर कळलं की सुभेदारांनी सगळ्यांना ओळीत बसवलं, "पेन उठाव" म्हणाले आणि एकेक प्रश्न मोठ्यानं वाचून उत्तर सांगितलं. कारण फौजेत असा कागद समोर आला की त्याचा अर्थ एकच, मेडिकल. एक खूण इकडची तिकडं झाली, की माणूस अनफिट. आणि आपल्या पलटणीतला कुणी अनफिट आहे, हे कॉलेजातल्या पोरीला कशाला सांगायचं? चोविसावा प्रश्न 'तुम्हाला आनंद होतो का?' असा होता. तिथंही सगळ्यांनी 'कधीच नाही' लिहिलं होतं. सुभेदारांना वेग आवरला नव्हता.

मॅडमनी ते फॉर्म टेबलावर पत्त्यांसारखे पसरले आणि त्या हसायला लागल्या, ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अश्विनी, जगातलं सर्वांत निरोगी आणि सर्वांत दुःखी गाव शोधलंस तू." मीही हसले. पण बसमध्ये बसल्यावर मला रडू आलं, कारण त्या गठ्ठ्यात आप्पांचाही फॉर्म होता. आणि आपल्या वडिलांनी खोटं लिहिलंय की खरं, हे मला सांगता येत नव्हतं.

त्याच महिन्यात आम्ही शहराच्या नव्या भागात, जुळे सोलापुरात, राहायला गेलो. ही आईची कितीतरी वर्षांची इच्छा. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि सर्वांत मोठी चैन म्हणजे शांतता. आई बाल्कनीत उभी राहून म्हणाली, "ऐका की, कायसुदिक ऐकू येईना!" तिनं हे तिच्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, आणि खालच्या पार्किंगमधून तीन माणसांनी वर बघितलं. पहिल्या आठवड्यात आख्ख्या बिल्डिंगला कळलं की आमच्याकडं आज दोडका आहे, रेणूला गणितात किती पडले आणि मला कुणाकुणाची स्थळं सांगून आली आहेत. आम्ही एकमेकींना चिमटे काढून हळू बोलायला शिकत होतो, आणि हळू बोलता बोलता हसू फुटायचं ते परत ओरडूनच.

आप्पा मात्र रोज थोडे थोडे कमी होत होते. सकाळी ड्युटीवरून यायचे, भाकरी खायचे, खाट भिंतीला लावायचे. पण ती भिंत गप्प. अर्ध्या तासात उठून बसायचे. "जरा फेरी मारून येतो," म्हणून जे जायचे ते संध्याकाळी यायचे. डोळे लाल. हातातला पेला हिंदकळायचा, आणि आता त्याला मागाचं निमित्त नव्हतं. एक दिवस रेणूनं दार जरा हळू लोटलं, अगदी आवाज न करता, तर आप्पा ताडकन उठून भिंतीला पाठ लावून उभे राहिले. रेणू रडायला लागली. आप्पा तिच्यापेक्षा जास्त घाबरले होते. ते तिला म्हणाले, "बाळा, येताना आवाज करत ये." घरी येताना आवाज करत ये, असं सांगणारा बाप मी तोवर पाहिला नव्हता.

आईनं मला बाजूला घेतलं. "आश्वे, तुझं ते कॉलेज काय कामाचं? बघ तरी कुटं जातेत." दुसऱ्या दिवशी मी स्कूटी घेऊन त्यांच्या मागं गेले. स्टँडवर जातील वाटलं होतं. ते सरळ एमआयडीसीत गेले. ड्युटी संपवून आलेला माणूस परत कारखान्यात शिरला. मी दहा मिनिटं बाहेर थांबले आणि आत गेले. शेडमध्ये सगळे माग धडधडत होते, आडवं सूत नेणारे धोटे इकडून तिकडं पळत होते, बोललेलं ओठांवरून ओळखावं लागत होतं. आणि दोन रांगांच्या मध्ये, चादरींच्या गठ्ठ्यावर, माझे आप्पा झोपले होते. तोंड उघडं, एक हात खाली लोंबलेला. माग चालवणारे काका हसून माझ्या कानाशी ओरडले, "रोज येतेत! उठवू नको, पोरी!" इतकं गाढ झोपलेलं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी तिथं उभी राहिले आणि माझ्या डोक्यात एकेक वस्तू जागेवर पडायला लागली. ती भिंत. सुट्टीचा दिवस. स्टँडवरचा वाईट चहा. आवाजाचा त्रास होतो का, असं आम्ही एकोणीस माणसांना विचारलं होतं. शांततेचा होतो का, हे विचारायचं आमच्या पंचवीस प्रश्नांत सुचलंच नव्हतं.

मोबाईलवर मी मागांचा आवाज भरून घेतला आणि घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आई पदर तोंडाला लावून बसली. मला वाटलं रडतेय. पण ती हसत होती. "मी म्हनलं दुसरं काय बाहेरचं लफडं हाय का काय," ती म्हणाली, आणि मग खरंच रडली, आणि पुन्हा हसली. मग पदर खोचून उभी राहिली. "आवाजच पायजे न्हवं? मग त्यात काय एवढं! करू की आवाज."

त्या दिवसापासून आमच्या घरात जे सुरू झालं, त्याची आठवण झाली की आजही मला हातातलं काम खाली ठेवावं लागतं. मोबाईलचा आवाज आप्पांनी दोन मिनिटांत ओळखला. डोळे मिटूनच म्हणाले, "ह्यात धोटा न्हाय. नुसती खरखर हाय." मग आईनं गावाकडून आणलेलं लोखंडी उखळ काढलं आणि शेंगाची चटणी कुटायला घेतली. शेजारी मी शिलाई मशीन चालवायला बसले. कापड नाही, दोरा नाही, नुसतं पायडल. रेणू दोन पेले घेऊन ठेका धरायची. ठण, खटखटखट, किणकिण. ठण, खटखटखट, किणकिण. दहा मिनिटांनी आईनं हात न थांबवता मानेनं खूण केली. मी वाकून बघितलं. आप्पा झोपले होते! आम्ही तिघी हात न थांबवता एकमेकींकडं बघून अशा खूश झालो, की मागून कुणी पाहिलं असतं तर आमच्याकडूनच प्रश्नावली भरून घेतली असती.

पण उखळ रिकामं कसं कुटायचं? चटणी व्हायचीच. पहिल्या आठवड्यात घरातल्या बरण्या भरल्या, दुसऱ्यात डबे, मग बादली. आम्ही न्याहारीला चटणी खाल्ली, जेवायला चटणी खाल्ली, पोह्यांवर, उप्पीटावर, रेणूनं तर एकदा केळ्याबरोबर खाल्ली. मी कॉलेजात वाटली. मॅडमना दोन डबे दिले. त्या म्हणाल्या, "प्रकल्प कुठवर आलाय?" मी म्हटलं, "कुटणं चालू आहे."

तिसऱ्या आठवड्यात, दुपारी, दार वाजलं. सोसायटीचे सेक्रेटरी कुलकर्णी काका, हातात वही, मागं दोन सभासद. काका बँकेतून निवृत्त झालेले, शांत आणि नियमाचे पक्के. ते आत येऊन सगळीकडं बघायला लागले. मोरी बघितली, माळा बघितला, खाली वाकून दिवाणाखाली बघितलं.

"काय हुडकताय, भाऊ?" आई म्हणाली.

"माग," काका म्हणाले. "तुम्ही फ्लॅटमध्ये माग टाकलाय अशी तक्रार आहे. एमआयडीसीतून आलात ना तुम्ही?"

रेणू फसकन हसली. मी तिला कोपरानं ढोसलं आणि मलाच हसू आलं. आईनं मुसळ पाठीमागं लपवायचा प्रयत्न केला. "माग कुटला आलाय हितं? चटणीची ऑर्डर हाय. लगीनघर हाय एक."

"तीन आठवडे?" काकांनी उखळ बघितलं, बादली बघितली. मग त्यांचा आवाज जरा चढला, पण तो बिल्डिंगसाठी नव्हता, आप्पांसाठी होता. "वहिनी, मी आमचं सोडून देतो. पण तुमचे मिस्टर देशाची सेवा करून आलेला माणूस. रात्रपाळी करून घरी येतात. त्यांच्या उशाशी बसून तुम्ही हे असं बडवता? त्यांच्या झोपेचा तरी विचार करा! थोडी तरी माणुसकी?"

आईनं तोंड उघडलं असतं तर तिला आप्पांचं सांगावं लागलं असतं. आयुष्यभर ओरडून बोललेली ती बाई मुसळ हातात धरून, मान खाली घालून, परक्या माणसाची बोलणी गुमान ऐकत राहिली. माझं हसू कुठल्या कुठं गेलं.

आवाज थांबल्यामुळे आप्पा केव्हाच जागे झाले होते. बनियनवर, लुंगीत, ते आतल्या दारात उभे होते. त्यांनी आईकडं बघितलं. मग दोन पावलं पुढं आले आणि सावधान उभे राहिले. लुंगीत सावधान उभं राहिलेला माणूस विनोदी दिसतो, पण त्या क्षणी कुणाला तसं वाटलं नाही.

"साहेब, तिला बोलू नका," ते म्हणाले. "तो आवाज माझ्यासाठी हाय. मला शांततेत झोप येत न्हाय."

काकांनी वही मिटली. आप्पा भिंतीकडं बघत बोलत राहिले, रिपोर्ट दिल्यासारखे. "वर बर्फात पोस्ट होती आमची. तितं वारं सारखं वाजायचं. कानात बोळे घालायचो. एक दिवस वारं थांबलं. मी जोडीदाराला म्हनलं, बरं झालं बाबा, थांबलं एकदाचं. तो हसला. त्याच्यानंतर बर्फ खाली आला, साहेब. मी बरं झालं म्हनलं, आन बर्फ खाली आला. तवापासनं शांत झालं की मला वाटतं, आता."

तेवढंच. आईच्या हातातलं मुसळ उखळात पडलं, ठण्ण, आणि त्या आवाजानं आम्ही सगळेच जरा सैल झालो. कुलकर्णी काका बराच वेळ चष्मा पुसत होते. मग त्यांनी वही उघडली, पेन काढलं आणि अगदी कामकाजाच्या सुरात विचारलं, "साधारण किती वेळ लागतो? दोन ते चार पुरेल?" दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली: 'दुपारी दोन ते चार या वेळेत दुसऱ्या मजल्यावर चटणी कुटली जाईल. सभासदांनी सहकार्य करावे.' सही, शिक्का. सभासदांनी असं काही सहकार्य केलं, की एक आजी आपला खलबत्ता घेऊनच वर आल्या. म्हणाल्या, "माझी वेलची पण कुटायचीय, बसू का?"

मॅडमनी मनाच्या डॉक्टरांचं नाव दिलं तेव्हा मात्र घरात दोन दिवस ताण होता. आप्पा म्हणाले, "म्हणजे मला येड्यात काढलं काय?" मी म्हटलं, "आप्पा, हे वार्षिक मेडिकल समजा." त्यावर त्यांनी बूट पॉलिश केले. हे चांगलं लक्षण होतं. डॉक्टर बाई होत्या. त्यांनी तासभर ऐकून घेतलं, औषध दिलं, दर आठवड्याला यायला सांगितलं, आणि आईला सांगितलं की कुटणं एकदम थांबवायचं नाही, पण दर आठवड्याला पाच पाच मिनिटं कमी करायचं. आई ते ऐकून एवढी गंभीर झाली, की तिनं उखळाशेजारी घड्याळ आणून ठेवलं. सगळं सरळ रेषेत झालं असं नाही. मधे एक महिना फार वाईट गेला, आप्पा पुन्हा शेडमध्ये जाऊन झोपले. अजूनही त्यांचे काही दिवस वाईट जातात. पण तेव्हा ते स्टँडवर जात नाहीत, "आज बरं न्हाय," असं आईला सांगतात.

प्रकल्प तसाच पडला होता. एका रविवारी आप्पाच म्हणाले, "चल, कोरे फॉर्म घे." सुभेदारांच्या अंगणात पुन्हा तेच एकोणीस जण. सुभेदारांनी मिशीवर हात फिरवला. "काय हवालदार? पोरीचं काम झालंय की. एकाचा बी चुकला न्हवता."

आप्पा सुभेदारांसमोर जाऊन उभे राहिले. त्या अंगणात त्यांना अनफिट होणं किती जड होतं, ते मला त्यांच्या बंद मुठीवरून दिसत होतं.

"साब," ते म्हणाले, "माझा चुकला. मला नवा पायजे."

मी कोरा फॉर्म पुढं केला. आप्पा तो घेऊन लांब, गोठ्याच्या कट्ट्यावर जाऊन बसले, सगळ्यांकडं पाठ करून. मग एक जण खाकरला. "माझा बी बघावा लागंल. तवा चष्मा न्हवता." दुसरा म्हणाला, "माझी घाई झाली होती की." तिसऱ्यानं कारण न सांगता नुसता हात पुढं केला. बघता बघता अंगणभर माणसं एकेकटी पांगली, कुणी पायरीवर, कुणी बैलगाडीच्या जुवावर, कुणी परसात. सुभेदार एकटे मधे उभे राहिले. मग माझ्याजवळ येऊन, कुणाचं लक्ष नाहीसं बघून, हळूच म्हणाले, "तंगी, एक जास्तीचा हाय का? सवडीनं भरतो." घडी करून त्यांनी तो सदऱ्याच्या आतल्या खिशात घातला.

ते फॉर्म कसे होते, हे मी इथं लिहिणार नाही, ते ज्याचे त्याचे. एवढंच सांगते की दोन फॉर्मसुद्धा सारखे नव्हते, आणि चोविसाव्या प्रश्नाला बऱ्याच जणांनी 'कधीकधी' लिहिलं होतं.

तर, त्या वर्षाच्या उन्हाळ्यातली एक दुपार. कुटणं कमी होत होत वीस मिनिटांवर आलं होतं. आप्पा झोपलेले. आई उखळ पुसत होती, मिक्सर चालू, पंखा घरघरत होता, मी निकालाची वाट बघत मशीनचं पायडल उगाच हलवत होते. आणि लाइट गेली.

पंखा थांबला. मिक्सर थांबला. शेजारचा टीव्ही थांबला, खालचा पाण्याचा पंप थांबला. आख्खं जुळे सोलापूर एकदम गप्प. माझा पाय पायडलवर तसाच. रेणूच्या हातात पेला, पण तो वाजवायचं तिला सुचेना. आईनं मुसळ उचललं आणि ते हवेतच राहिलं. आम्ही तिघी आतल्या खोलीकडं बघत होतो. एक मिनिट झालं. दोन झाली. आतून काही येईना. मग आलं. सावकाश, खर्जातलं, भरपूर लांब घोरणं. आईनं मुसळ मांडीवर ठेवलं आणि दुसऱ्या हातानं तोंड दाबलं. रेणूनं उशीत डोकं खुपसलं. मी तर जमिनीवरच बसले. पाऊण तास आम्ही तिघी घामानं भिजत, एकमेकींना धरून, आवाज न करता हसत होतो. आमच्या घराला न ओरडता राहणं जमलेला तो पहिला पाऊण तास.

पंखा फिरायला लागला तसे आप्पा उठून बाहेर आले. गालावर उशीची घडी उमटलेली. आमचे तिघींचे लाल चेहरे बघून ते दारातच थबकले. त्यांनी वर पंख्याकडं बघितलं, ओल्या बनियनला हात लावला, आणि विचारलं, "लाइट गेली हुती व्हय? कवा?"